औटकी म्हणून होईपर्यंत

अण्णा, काल मी सदर बाजाराच्या तोंडाशी एका भल्या माणसाच्या हातातून पाण्याचा पाइप हिसकावून घेतला. भर दुपारी, चारचौघांत, या वयात. खंडेनवमी एका दिवसावर आलेली, त्यामुळे गाड्या धुवायला ही रांग लागलेली. सूनबाई बबीन्याला शाळेत शिकवते. काल तिच्या शाळेतला कार्यक्रम बघायला मीही गेले होते आणि परतताना ती म्हणाली, गाडी धुऊनच घेऊ या. धुलाईवाल्यानं बाहेरून साबण लावला, पुसलं आणि मग बॉनेट उघडून म्हणाला, "माताजी, इंजिन भी चमका दें?" मी हो-नाही म्हणायच्या आत त्यानं पाइप उचलला. अण्णा, त्या पाइपाला एवढा जोर असतो की भिंतीचा रंग उडावा. आणि आम्ही बबीन्यापासून झांशीपर्यंत एका दमात आलेलो, इंजिनातून नुसती धग येत होती. मी ओरडले, "रुको! पहले हाथ रखकर देखो, कितना गरम है." तो हसला. "अरे अम्मा, हम रोज के धोते हैं, कुछ नहीं होता." मग माझं डोकं फिरलं. पाइप ओढला तेव्हा निम्मी साडी भिजली. सूनबाई शरमेनं कानकोंडी झाली. "आई, छोडो ना, इतकं काय त्यात?" असं ती हळूच म्हणाली. मी मात्र इंजिनाशी वाकून हात ठेवला आणि मोठ्यानं औटकीचा पाढा म्हणायला लागले. औट, सात, साडेदहा, चौदा. बघणाऱ्यांना वाटलं असेल, म्हातारीला उन्हाची चक्कर आली. मला चौदाच्या पुढे जाता आलं नाही, हात पोळला.

घरी आले, साडी बदलली. सूनबाईनं पाणी दिलं, शहाणी आहे. आज सकाळी पूजा उरकली आणि आता ही वही घेऊन बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला जरा थांबावं लागतं. पण जे सांगायचं ते आधीच सांगून टाकते, नाहीतर मी पुन्हा इकडचं तिकडचं बोलत राहीन. बबीन्याच्या पुढे आपली गाडी बंद पडली, हेडला तडा गेला आणि तो तुमच्या हातानं गेला असं तुम्ही शेवटपर्यंत मानलंत. तो तुमच्या हातानं गेला नव्हता. माझ्या हातानं गेला होता.

तुमच्या हाताचं किती कौतुक होतं, हे तुम्हाला कोणी तोंडावर सांगितलं नसेल. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये इंजिनांची हेडं, माथ्यावरचे ते जड लोखंडी ठोकळे, कसायची ती तुम्हीच. पाना लावताना तुम्ही डोळे मिटायचात. आई म्हणायची, देवापुढे एवढे मिटले असते तर पुण्य तरी लागलं असतं. तुम्ही कसलेलं हेड कधी परत आलं नाही, हे मला तुमच्याकडून नाही, शेडमधल्या लोकांकडून कळलं. ते घरी चहाला यायचे आणि म्हणायचे, "बिटिया, मिस्त्रीजी का हाथ घड़ी है." तुम्ही त्यांना "बस बस, शक्कर कम पड़ी है क्या?" म्हणून गप्प करायचात. आपली गाडीसुद्धा तुमच्या हाताचीच. बबीन्याच्या छावणीतला कोणी साहेब बदलीवर जाताना ती जवळजवळ भंगार म्हणून देऊन गेला. दोन वर्षं अंगणात चिंचेखाली ती विटांवर उभी होती. गल्लीतली माणसं जाता-येता विचारायची की मिस्त्रीजी, कोंबड्या कधी आणताय? दोन वर्षांनी तुम्ही ती सुरू केलीत आणि पहिल्यांदा गल्लीतून नेलीत, तेव्हा कोंबड्यांची चौकशी करणारेच मागच्या सीटवर बसले होते.

आणि ती दर वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी धुतली जायची. बाकीचे लोक गाडीच्या टपाला हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. तुम्ही म्हणायचात, "टपानं काय काम केलंय? ज्यानं केलं त्याची पूजा." म्हणून आपल्याकडे बॉनेट उघडून इंजिनाची पूजा व्हायची. वर ते गोल झाकण असायचं, हवेच्या फिल्टरचं. त्यावर तुम्ही कुंकवाचं स्वस्तिक काढायचात आणि एकच झेंडू ठेवायचात, दुसरा नाही, पंख्यात जाईल म्हणून. आता कुंकू लावायचं तर जागा स्वच्छ हवी. वर्षभराची धूळ, तेल, बुंदेलखंडची ती तांबडी माती, सगळं मिळून इंजिनावर पुरणासारखा थर बसायचा.

तुमची पद्धत मला तोंडपाठ आहे. गाडी सकाळपासून सावलीत उभी. आधी बॅटरीची काळी तार सोडायची, मग लाल. लावताना उलटं, लाल आधी. डिस्ट्रीब्यूटरला प्लास्टिकची पन्नी, कार्बोरेटरच्या तोंडाला पन्नी, डायनामोला पन्नी, तिन्ही सुतळीनं बांधायच्या आणि बांधताना मोजायच्या, म्हणजे सोडताना एखादी आत राहणार नाही. मग रॉकेल आणि ब्रश, थोडं थोडं, वरून खाली. पेट्रोल कधीच नाही. आसपास विडी नाही, चूल नाही. एकदा आई जवळच बंब पेटवायला लागली, तर तुम्ही बंबच उचलून मागल्या दारी ठेवून आलात. रॉकेलनं मळ सुटला की चिंधीनं टिपायचं, मग ओल्या फडक्यानं पुसायचं, पाणी ओतायचं नाही, आणि शेवटी कोरडं करून उन्हाला तोंड करून तासभर उघडं ठेवायचं. पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट. तळहात हेडवर टेकवायचा आणि औटकी म्हणायची. साडेतीनाचा पाढा, तिसापर्यंत. एकशे पाचाला पोचेपर्यंत हात तिथंच राहिला, तर इंजिन गार. मध्येच उचलावा लागला, तर चहा पिऊन या.

झांशीच्या हिंदी शाळेत आम्हाला कोण औटकी शिकवणार? ती तुम्हाला आजोबांनी शिकवली, त्यांना त्यांच्या वडिलांनी. तलवार घेऊन इथं आलेल्या त्या जुन्या माणसांनी आपल्याला काय दिलं, तर देवघरातला झिजलेला टाक आणि औटकी. मी सतरा वर्षांची असताना तुम्ही मला इंजिनाशी उभं केलंत आणि म्हणालात, "म्हण." मी अडखळले की तुम्ही हेडवर बोट वाजवायचात. पुढं माझी मैत्रीण म्हणायची, तुझे वडील इंजिनाला कुठला मंत्र म्हणतात?

त्याच वर्षी तुमचं बोलणंही खाल्लं होतं. मी हातातल्या सोन्याच्या बांगडीसकट बॅटरीच्या तारेला पाना लावला. ठिणगी उडाली, बांगडीला काळा डाग पडला. तुम्ही माझं मनगट धरून मला बाजूला केलंत आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडलात. "मला इंजिन परत मिळेल. हात कुठून आणू तुझा?" आई आतून धावत आली. मी रडत बांगडी काढत होते, तर ती म्हणाली, सणाच्या आदल्या दिवशी पोरीचे हात रिकामे? तुम्ही म्हणालात, "काचेच्या घाल की डझनभर. काच करंट खात नाही." आणि संध्याकाळी बाजारातून हिरव्या बांगड्यांचा जुडगा घेऊन आलात. बरोबर एक रंगाचा ब्रशही होता. त्याची दांडी तुम्ही गरम करून वाकवली, म्हणजे कार्बोरेटरच्या खालपर्यंत पोचावी. "हा तुझा. माझ्या हाताला तिथं जागा होत नाही." तो ब्रश माझ्याकडे आहे. केस निम्मे गळलेत.

आता त्या वर्षाचं. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. तुम्ही गाडी मला चालवायला शिकवून पुरं वर्ष झालं होतं. दसऱ्यानंतर दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं होतं, महाराष्ट्रात, कुळदैवताला. आपल्या घराण्यातलं कुणी पाच पिढ्यांत तिकडं गेलं नव्हतं. घरातला टाक मूळ देवाच्या भेटीला न्यायचा, ही आईच्या सासूची इच्छा, मग आईची. रेल्वेचा पास होता, कधीही जाता आलं असतं. पण तुम्ही गाडी विटांवरून उतरवली त्या दिवशी देवापुढे बोलून बसला होतात की टाक माझ्या हातच्या गाडीनं नेईन. त्यासाठी महिनाभर आधी तुम्ही हेड काढलंत, घासलंत, नवं गॅस्केट घातलंत आणि डोळे मिटून कसलंत. आईनं लाल खणाची पिशवी शिवली, टाक ठेवायला.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी तुम्ही म्हणालात, आज दुपारी धुऊ. आणि तुम्ही पाटावर बसता बसताच शेडचा भोंगा झाला. लांब, थांबून लांब, थांबून लांब. मऊरानीपुरकडे मालगाडीचे डबे रुळावरून उतरले होते, माणूस कुणी दगावलं नव्हतं, पण मदतीची गाडी निघायची होती. तुम्ही पहिला घास तसाच ठेवून सायकल काढलीत. जाताना दारातून म्हणालात, "इंजिन राहू दे. मी आलो की करू. नाही जमलं तर यंदा देव मळकंच कुंकू लावून घेईल." हे तुमचे शब्द आहेत. मी विसरले नाही.

मग मी आईला घेऊन सदर बाजारात गेले. झेंडू, सोनं म्हणून आपट्याची पानं, प्रवासाला काय काय. बाजारात इतकी गर्दी की गाडी पावलापावलानं चालली, पंख्याला वारा मिळेना. दीड वाजता घरी आलो तेव्हा बॉनेटवर पापड भाजला असता. पाच वाजता आपल्या मराठी मंडळात भोंडला होता. खिरापत माझी होती आणि मधे हत्तीचं चित्र काढायचं कामही माझंच. मला वाटलं, तुम्ही थकून याल, बॉनेट उघडाल आणि म्हणाल, अरे वा. एवढंच. तुमच्या तोंडून एक अरे वा ऐकायची मला भारी हौस होती, तुम्ही ते असे मोजून वापरायचात. गार व्हायला थांबले असते तर तीन तास गेले असते आणि भोंडला बुडला असता. भोंडल्याहून येऊन केलं असतं तर उजेड गेला असता. मी अर्धा तास थांबले. आईला चकल्यांचं पीठ मळून दिलं. मग अंगणात गेले, बॉनेट उघडलं, तळहात टेकवला आणि औटकी म्हटली. हात राहिला. कारण मी तो टेकवला होता फिल्टरच्या झाकणावर, जिथं तुम्ही कुंकू लावता तिथं. ते पत्र्याचं झाकण मधल्या हवेत असतं, ते लवकर निवतं. मी स्वतःला म्हटलं, पूजा इथंच होते, म्हणजे इंजिन इथंच आहे. आणि औटकी म्हटली तीही घोडा उधळल्यासारखी.

बाकी सगळं मी अगदी तुमच्यासारखं केलं, हे ऐकून हसाल की रागवाल? बांगड्या काढल्या. काळी तार आधी. तीन पन्न्या मोजून बांधल्या. रॉकेल घेतलं नाही, कारण तापल्या लोखंडावर रॉकेल भडकतं हे तुम्ही मनावर ठसवलं होतं. इतकी अक्कल होती! रॉकेल नको, म्हणून साबणाचं पाणी घेतलं आणि वर नळाचा पाइप लावला. गार पाणी हेडवर पडलं तशी वाफ उठली, तवा मोरीत टाकल्यावर उठते तशी, आणि त्या फुसफुशीत एक बारीक आवाज झाला. टिक्. भाजताना फुटाणा उडावा एवढाच. मी पाइप बंद केला. थोडा वेळ तशीच उभी राहिले. मग मनाशी म्हटलं, काही नाही, मळ सुटला असेल. पुन्हा पाइप सोडला.

इंजिन लखलखलं. तारा लावल्या, गाडी सुरू केली, झटक्यात लागली. भोंडल्याला वेळेवर पोचले. तुम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे आलात, अंगाला डिझेलचा आणि चिखलाचा वास, डोळे लाल. बॉनेट उघडलंत आणि म्हणालात, "अरे वा." मग आईला हाक मारून दाखवलंत. "बघ, पोरीच्या हाताला वळण आहे. माझ्यानंतर चिंता नाही." त्या दिवशी तुम्ही खूपच मऊ होतात. माझ्या उजव्या हाताला फोड आला होता, तो तुम्हाला लगेच दिसला. मी म्हटलं, तव्यावर लागला. तुम्ही स्वतः कच्चा बटाटा किसून तळहातावर ठेवलात, वर जुन्या धोतराची पट्टी बांधलीत आणि म्हणालात, आज पूजेचं ताट तू उचलायचं नाहीस. मग तुम्ही पाने, मोजपट्टी, हातोडी, आणि मधोमध हेड कसायचा तो लांब पाना, घड्याळासारखी तबकडी असलेला, असं सगळं मांडून हळद-कुंकू वाहिलंत. झाकणावर स्वस्तिक काढलंत आणि एक झेंडू ठेवलात.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण उजाडताना निघालो. आईच्या मांडीवर लाल पिशवीत टाक, पायाशी दशम्यांचा डबा. तुम्ही गात नव्हतात कधी, त्या दिवशी गुणगुणत होतात. बबीना मागे पडलं आणि थोड्या वेळानं गाडी आचके द्यायला लागली. समोरचा तापमानाचा काटा चढत गेला. तुम्ही बाजूला घेतलीत, रेडिएटरचं झाकण लगेच उघडलं नाहीत, चहाच्या टपरीवर बसून वाट पाहिलीत. गार झाल्यावर हेडवर हात ठेवून औटकी म्हटलीत, पूर्ण, सावकाश. मग तेल मोजायची पट्टी ओढलीत. पट्टीला तेल नव्हतं, दुधाळ चहा होता. तेलात पाणी गेलं होतं. तुमचा चेहरा मी तेव्हा पाहिला, अण्णा, आणि त्याच क्षणी मला तो टिक् पुन्हा ऐकू आला. टपरीवाल्यानं विचारलं, "का हो गओ, बाबूजी?" तुम्ही पट्टी पुसत म्हणालात, "हेड गओ, भैया. हमाए हाथ को कसो हतो." म्हणजे माझ्याच हातानं कसलेलं.

पलटणीच्या एका ट्रकानं आपली गाडी ओढून घरी आणली. आईनं वाटभर लाल पिशवी मांडीवरून हलवली नाही. घरी आल्यावर तिनं टाक देवघरात ठेवला आणि म्हणाली, देवाच्या मनात नसेल. तुम्ही म्हणालात, "देवाला कशाला? माझ्या हातात नव्हतं."

आठवड्यानं तुम्ही हेड उतरवलंत. अंगणात पोत्यावर ठेवलंत, रॉकेलनं पुसलंत, कोरडं केलंत आणि वर खडूची भुकटी भुरभुरलीत. थोड्या वेळानं पांढऱ्या भुकटीत तड्यात मुरलेल्या रॉकेलची केसाएवढी ओली रेघ उमटली. तुम्ही मला हाक मारून जवळ बसवलंत, कारण मला शिकवायची एकही संधी तुम्ही सोडत नव्हतात. "बघ, इथं. मधून कसत बाहेर यायचं असतं, थोडं थोडं, सगळीकडे सारखं. मी इकडं आधी जास्त ओढलं असणार. डोळे मिटून कसायची मस्ती. लक्षात ठेव." मी मान हलवली. तुम्ही मला विचारलंही नाहीत की धुताना काय केलंस. एवढं विचारलं असतंत तर मी बोलले असते, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. खरं तर तेव्हाही खोटंच बोलले असते.

मला वाटलं होतं, दुसरं हेड येईल, गाडी सुरू होईल, पुढच्या वर्षी जाऊ. पण तुम्ही सोमवारी शेडमध्ये जाऊन तुमच्या फोरमन साहेबांना सांगितलंत की मला हेडाच्या कामावरून काढा. हे मला शेडमधल्या, चहाला येणाऱ्या तुमच्या माणसांपैकी एकानं सांगितलं. फोरमन म्हणाले, "मिस्त्रीजी, अपनी गाड़ी का एक हेड फटा है, कोई रेल का थोड़े ही!" तुम्ही म्हणालात, "साहब, हाथ तो वही है." त्यानंतर निवृत्त होईपर्यंत तुम्ही हत्यारांच्या खोलीत बसून इतरांना पाने दिले आणि संध्याकाळी परत घेतले. ज्यांना तुम्ही शिकवलं होतं ते खिडकीशी येऊन तुमच्याकडून पाना मागायचे. गाडी कुणीतरी भंगाराच्या भावात ओढून नेली. पुढच्या खंडेनवमीला तुम्ही पूजा मांडलीत, माझी पुस्तकं होती, आईची कात्री होती, विळी होती. तबकडीवाला पाना नव्हता. आईनं विचारलं, तो कुठाय? तुम्ही म्हणालात, "ज्यानं काम केलं त्याची पूजा." मी तिथंच उभी होते, हातात झेंडूची परडी घेऊन. परडी खाली ठेवून एक वाक्य बोलायचं होतं. तेवढं झालं नाही माझ्यानं. लाज वाटत होती, भीती वाटत होती आणि त्याहून वाईट म्हणजे तुमचं ते अरे वा परत द्यायची माझी तयारी नव्हती.

टाक कधी गेलाच नाही. आई नंतर एकदा म्हणाली, पास आहे तर रेल्वेनं जाऊन येऊ, तुम्ही हो म्हणालात, पण नवसाचं तुमच्या मनातून जाईना, आणि मग तिचे गुडघे गेले. शेवटच्या आजारात तुमचे हात कापायचे, पेज भरवायला मीच बसायचे. एकदा तुम्ही हात समोर धरून बघत म्हणालात, "हा त्या बबीन्यालाच गेला होता." मी म्हटलं, "नाही अण्णा, हात चांगलाच होता तुमचा." तुम्ही हसलात. "तू म्हणतेस म्हणून." खरं तेवढं मी बोलले होते, त्याचं कारण तेवढं गिळलं. चमचाभर पेज पुढं केली आणि तुम्ही खाल्लीत.

काल तो पाइप हिसकावल्यावर इंजिन न धुताच गाडी घरी आणली. चिंचेचं झाड आता नाही, पण भिंतीची सावली पडते. तीन तास उभी ठेवली. मग सूनबाईला बोलावलं. ती आधी कुरकुरली, मग पदर खोचून आली. तिच्या बांगड्या काढवल्या. काळी तार आधी. आताच्या गाडीत डिस्ट्रीब्यूटर नाही, फ्यूजचा डबा आहे, अल्टरनेटर आहे, वायरींची जोडकामं आहेत, तिथं तिथं पन्न्या बांधल्या, मोजून. रॉकेल आता मिळत नाही, मळ काढायचं औषध बाटलीत मिळतं, ते ब्रशावर घेऊन लावलं, तुमच्या वाकड्या दांडीच्या ब्रशावर. ओल्या फडक्यानं पुसलं, पाणी ओतलं नाही. आणि सगळ्याच्या आधी मी तिचा तळहात इंजिनावर ठेवला, औटकी मी म्हटली, ती मागून म्हणत होती. तिला मराठी समजतं, पण बोलताना हिंदीत घसरते. साडेसतरा तिला काही केल्या जमेना. "आई, मोबाइल में टाइमर लगा लें?" म्हणाली. मी म्हटलं, लाव, पण हात तिथंच ठेव, झाकणावर नको. तिनं विचारलं, झाकणावर का नको? आणि मी पुढचा आकडा म्हणाले.

तुमचा तबकडीचा पाना तुम्ही गेल्यावर मला माळ्यावर सापडला होता, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला, एक ठिपका गंज नाही. इतकी वर्षं मी तो पूजेत ठेवायचं धाडस केलं नव्हतं. आज ठेवला. मधोमध, तुम्ही ठेवायचात तसा. सूनबाईनं विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, हेड कसायचा पाना, हा ज्यांचा होता त्यांनी कसलेलं हेड कधी परत आलं नाही. पहिल्यांदा मी ते मोठ्यानं बोलले, पण तुम्ही ऐकायला नव्हतात, म्हणून त्याला काही अर्थ नाही.

हे पत्र कुठं टाकायचं? तुम्ही असतात तर शेडच्या पत्त्यावर आलं असतं आणि तुम्ही घरी आणून न फोडताच आईला वाचायला दिलं असतंत. वहीतच राहू दे. पण वही मिटण्याआधी एक उरलंय. वर मी लिहिलंय की मी झाकणावर हात टेकवला आणि चुकले. तसं नाही ते. मी आधी हात हेडवरच टेकवला होता, तुम्ही शिकवलंत तिथंच. औट म्हटलं, सात म्हणायच्या आत हात उचलावा लागला. मग मी तो झाकणावर नेला. संध्याकाळी भोंडल्याच्या फेऱ्यात शेजारणीला मी हात धरू दिला नाही, मनगट दिलं. अण्णा, तुम्ही ज्या फोडावर बटाटा बांधलात, तो तव्याचा नव्हता.